सहावीच्या गणिताला खोडरबर कमी लागतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा सेमी इंग्रजीत, यंदा सहावीत. पाचवीपर्यंत गणितात श्रेणी अ-१, फार तर अ-२. आता पहिल्याच घटक चाचणीत २० पैकी ९. सहावी ते आठवीच्या गणितात शिक्षकांना नेमकं काय हवं असतं, घरी काय करून घ्यावं आणि त्याच्या बाबांच्या म्हणण्याप्रमाणे ‘फाउंडेशन’च्या, म्हणजे इंजिनिअरिंग प्रवेशाची आतापासून तयारी करून घेणाऱ्या बॅचला घालावं का, असं तुम्ही विचारलंय. सोबत त्याने चुकवलेली तीन उदाहरणं लिहिली आहेत: −७ − ४ = ११, २/३ + १/४ = ३/७ आणि १८ − ६ + ४ = ८.

ही तीन उदाहरणं लिहिलीत ते फार बरं केलं. तुम्ही नुसतं ‘नऊ पडले’ म्हणाला असतात तर मीही ‘सराव वाढवा’ म्हणून मोकळी झाले असते. नागपुरात २६ वर्षं मी याच तीन वर्गांना गणित शिकवते आहे आणि या तिन्ही चुका मला दर जुलैत न चुकता भेटतात. बहुतेक वेळा हुशार मुलांच्याच वहीत. तुमच्या मुलाचं डोकं अचानक मंद झालेलं नाही. खेळ बदललाय आणि ते त्याला कोणी सांगितलेलं नाही.

पाचवीपर्यंत गणितात उत्तर हवं असतं. ३४७ गुणिले ६ किती, तर २०८२. हातचे मनात धरले काय, बोटावर मोजले काय, उत्तर आलं की बरोबरची खूण. चलाख पोरं यात भराभर पुढे जातात, कारण ती मनातल्या मनात करतात. सहावीपासून आम्हाला उत्तराच्या आधीच्या ओळी वाचायच्या असतात. तीन गुणांच्या उदाहरणात नुसतं उत्तर लिहिलं तर मी एक गुण देते. उरलेले दोन त्या उत्तरापर्यंत कसा पोचलास याचे. याउलट, रीत बरोबर आहे आणि शेवटी बेरजेत घोटाळा झाला, तर दोन गुण मिळून जातात. मुलांना हे सुरुवातीला अन्यायाचं वाटतं. ‘मॅडम, उत्तर तर बरोबर आलं ना, मग एकच काऊन?’ हा प्रश्न मी शेकड्याने ऐकलाय. त्याचं उत्तर असं की पुढे आठवीत बैजिक राशींचे अवयव येतात, दहावीत गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे ४०-४० गुणांचे दोन लेखी पेपर येतात, आणि तिथे सात-आठ ओळींची उदाहरणं कोणालाच मनात करता येत नाहीत. ओळ लिहायची सवय लावायला सहावीइतकं निवांत वर्ष परत मिळत नाही.

आता खोडरबर. नोकरीची पहिली सात-आठ वर्षं मी स्वतः वह्यांवर लाल शाईने ‘खाडाखोड नको’ असं लिहीत होते. नीटनेटकेपणाचे वेगळे गुण असायचे. एक मुलगी होती, वही इतकी देखणी की मी ती दुसऱ्या वर्गात दाखवायला न्यायची. सहामाहीला ती गणितात जेमतेम काठावर आली. पेपर घेऊन तिच्या शेजारी बसले तेव्हा लक्षात आलं, अपूर्णांकांच्या बेरजेत ती जुलैपासून एकच चूक करत होती. वर्गात फळ्यावर बरोबर उत्तर आलं की ती आपलं खोडून फळ्यावरचं उतरवून घ्यायची. वहीत चूक उरलीच नव्हती, ना तिला दिसायला, ना मला. डोक्यात मात्र तशीच्या तशी होती.

त्या वर्षापासून माझ्या वर्गात नियम आहे. चुकलेल्या ओळीवर पट्टीने एक आडवी रेघ मारायची, खाली बरोबर ओळ लिहायची आणि समासात दोन-चार शब्दांत कारण: ‘छेद समान केले नाहीत’, ‘चिन्ह विसरलो’, ‘घाईत ६ चा ० वाचला’. वही कुरूप दिसते, पालकसभेत एखादी आई नाराजही होते. पण सप्टेंबरपर्यंत त्या समासातल्या नोंदी वाचल्या की मुलाला स्वतःलाच कळतं, आपण कुठे घसरतो. बहुतेकांच्या चुका दोन-तीन जातींच्याच निघतात. तुमच्या मुलाच्या शाळेत खाडाखोडीला गुण कापत असतील तर पक्की वही त्यांच्या पद्धतीने ठेवा आणि ही रीत कच्च्या वहीत वापरा. कच्ची वही फेकू मात्र नका.

तुम्ही लिहिलेली तीन उदाहरणं आता एकेक करून बघू.

१८ − ६ + ४ ची चूक थेट आमच्याकडून, म्हणजे शिक्षकांकडून येते. ‘कंचेभागुबेव’ तुम्हीही पाठ केलं असेल: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. मूल ते अक्षरशः घेतं. बेरीज वजाबाकीच्या आधी आली, म्हणून ६ आणि ४ ची बेरीज १०, मग १८ मधून १० गेले, राहिले ८. खरं म्हणजे बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत. त्यातलं डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. भागाकार-गुणाकाराचंही तेच. २४ ÷ ४ × २ चं उत्तर १२, ३ नाही. माझ्या वर्गात एका पोट्ट्याने एकदा विचारलं, ‘मॅडम, माझ्याजवळ १८ रुपये होते, ६ चं बिस्कीट घेतलं, मग आईनं ४ दिले, तर १६ झाले ना? वहीत ८ काऊन होते?’ मी दोन मिनिटं फळ्याकडे बघत उभी होते, कारण तोवर मी ते सूत्र तसंच्या तसं पाठ करून घेत होते. (आपल्याकडे ‘बे’चे तसेही दोन अर्थ. पाढ्यातला ‘बे’ आणि ‘काय बे’मधला ‘बे’. सूत्रातला तिसरा निघाला.) तर घरी त्याला अशा पाच-सहा पदावल्या द्या आणि प्रत्येकीवरून पैशांची गोष्ट सांगायला लावा. गोष्टीत क्रम आपोआप बरोबर येतो.

−७ − ४ = ११ का येतं? कारण कोणीतरी त्याच्या कानात ‘उणे उणे अधिक’ हा मंत्र फुंकलाय. शेजारच्या दादाने, नाहीतर व्हिडिओने. मंत्र खोटा नाही, पण तो गुणाकाराचा आहे आणि −(−४) सारख्या जागेचा. इथे तो लागूच होत नाही. किराणा दुकानात ७ रुपयांची उधारी होती, आज आणखी ४ रुपयांची केली. उधारी ११ ची झाली, म्हणून −११. उधारी वाढली तर खिशात पैसे येत नाहीत, हे सहावीतल्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

पुस्तकात पूर्णांक संख्यांना तापमानाची उदाहरणं असतात. आपल्या गावात पारा मे महिन्यात ४५ च्या वर जातो, पण शून्याखाली कधी गेलेला मुलांनी पाहिलेला नाही, त्यामुळे ‘उणे ५ अंश’ त्यांना परग्रहावरचं वाटतं. मी मेट्रो घेते. ॲक्वा मार्गावर सीताबर्डी म्हणजे शून्य. पूर्वेला कॉटन मार्केट +१, रेल्वे स्टेशन +२. पश्चिमेला झाशी राणी चौक −१, शंकरनगर −३. शंकरनगरहून रेल्वे स्टेशनला जायचं तर किती स्टेशनं पुढे? पाच. म्हणजे २ − (−३) = ५, आणि इथे ते दोन उणे का जुळून आले हे मुलं स्वतः बोटाने दाखवतात. पहिल्यांदा हे घेतलं तेव्हा मागच्या बाकावरून हरकत आली होती: ‘मॅडम, शून्य तर झिरो माइलला पाहिजे!’ सगळा वर्ग हसला, पण प्रश्न अस्सल गणिताचा होता. झिरो माइलचं स्टेशन ऑरेंज मार्गावर आहे. त्या मार्गाचा शून्य तिथे धरू या म्हटलं, आणि सगळ्या स्टेशनांचे आकडे नव्याने लिहिले. आकडे बदलले, दोन स्टेशनांमधलं अंतर तेच राहिलं. शून्य कुठे ठेवायचा हे आपण ठरवतो ही गोष्ट मुलांना त्या दिवशी समजली. पुढे नववीत आलेख काढताना ती कामाला येते.

तिसरी चूक, २/३ + १/४ = ३/७. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही सगळ्यात चिवट. छेद समान करायची रीत शिकवूनही महिन्याभराने परत उगवते, कारण मुलाला आपली रीत चूक वाटतच नाही, मॅडमची फक्त वेगळी वाटते. म्हणून आधी त्याची रीत त्याच्याच हाताने मोडू द्या. विचारा, पाव किलो आणि अर्धा किलो मिळून किती? पाऊण किलो, हे तो झोपेतही सांगेल. आता हेच तुझ्या रीतीने कर: १/४ + १/२ = २/६, म्हणजे १/३. पाव आणि अर्धा मिळवून अर्ध्यापेक्षाही कमी भरलं! तिथे तो गप्प होतो. मग त्याच्या पेपरातलं बघा. २/३ म्हणजे अर्ध्याहून जास्त. त्यात आणखी काही मिळवलं आणि ३/७ आले, जे अर्ध्याहून कमी आहेत. मिळवून कमी कसं होईल? आता छेद १२ करायला बसवा: ८/१२ + ३/१२ = ११/१२. जवळजवळ पूर्ण एक. हे पटण्यासारखं आहे.

मराठी घरातल्या मुलाजवळ इथे एक मोठी ठेव असते आणि आपण ती वापरत नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, पावणेदोनशे. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ असायची. ते सगळं परत आणा असं मी म्हणत नाही, पण सेमी इंग्रजीतल्या मुलाला ‘थ्री फोर्थ’ म्हणजेच ‘पाऊण’ हे कोणी जोडून दिलेलं नसतं. ते जोडून देण्याचं काम घरी, दूध-साखर मोजताना, फुकट होतं. संख्यांच्या नावांचंही तसंच. एकोणसाठ की एकोणसत्तर इथे सेमीची मुलं हमखास अडखळतात. रिक्षावाल्याला पैसे देताना, गाडीचा नंबर वाचताना मराठीत बोलून घ्या, तेवढं पुरतं.

वर जी युक्ती वापरली, म्हणजे शंका असलेला नियम ओळखीच्या आकड्यांवर तपासणं, तीच पुढची दोन वर्षं चालते. सातवीत (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग असं अर्धा वर्ग लिहितो. अ ला ३ आणि ब ला ४ ठेवून बघा म्हटलं की एकीकडे ४९, दुसरीकडे २५. मधले २४ कुठे गेले हा प्रश्न त्यांनी विचारला पाहिजे, मी नाही. आठवीत सूट आणि कमिशन येतं. बर्डीवरच्या दुकानदाराने १०० रुपयांच्या शर्टाची किंमत २० टक्के वाढवली आणि मग २० टक्के सूट दिली, तर? वर्ग ओरडतो, ‘तेवढीच!’ १२० वर २० टक्के म्हणजे २४, शर्ट ९६ ला गेला.

समीकरणांकडे येताना एका चिन्हाबद्दल बोलायलाच हवं, कारण त्याच्यापायी सातवीत मुलं अडकतात आणि मूळ सहावीत असतं. बरोबरचं चिन्ह. तुमच्या मुलाच्या कच्च्या वहीत असं दिसतं का बघा: १८ − ६ = १२ + ४ = १६. मोठी माणसंही असं लिहितात. पण वाचून बघा, १८ − ६ काही १२ + ४ एवढे नाहीत. मुलाच्या लेखी ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’. आम्हाला तो तराजूचा काटा हवा असतो. दोन्ही पारडी सारखी. म्हणून ओळीखाली ओळ लिहायला लावतो आणि बरोबरच्या खाली बरोबर. तराजू डोक्यात बसला नाही तर समीकरण म्हणजे ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढं उरतं, आणि मग ३क्ष = १२ चं क्ष = १२ − ३ = ९ होतं. क्ष ला ९ ठेवून बघ म्हणावं: तीन नव्वे सत्तावीस, बारा कुठे? हा पडताळा दोन सेकंदांचा असतो. पेपर लवकर संपवून खिडकीबाहेर बघणाऱ्या हुशार मुलांचे सर्वांत जास्त गुण पडताळा न केल्याने जातात.

शाब्दिक उदाहरणांना सगळी मुलं घाबरतात आणि सेमीची जरा जास्तच. गणित येत असतं, वाक्य अडवतं. त्यावर क्लासवाल्यांनी काढलेला उपाय म्हणजे खुणेचे शब्द: ‘जास्त’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी. हा उपाय मला अजिबात मान्य नाही. ‘आजीकडे ४५ संत्री आहेत. ती मावशीकडच्या संत्र्यांपेक्षा १२ ने जास्त आहेत. मावशीकडे किती?’ खुणेच्या शब्दावर गेलेलं पोर ५७ लिहून मोकळं होतं. (नागपूर म्हटलं की उदाहरणात संत्री आलीच पाहिजेत, त्याला माझा इलाज नाही.) त्यापेक्षा पेन खाली ठेवून उदाहरण वाचायचं, मग पुस्तक बंद करून गोष्ट आपल्या भाषेत सांगायची: काय दिलंय, काय विचारलंय, उत्तर साधारण केवढं येईल. इथे तुम्ही मराठी माध्यमात शिकलात याचा फायदाच आहे. तुम्ही लिहिलंय, ‘इंग्रजी शब्द मला येत नाहीत, म्हणून मी शिकवू शकत नाही.’ शिकवू नका, ऐका. त्याने इंग्रजीतलं उदाहरण तुम्हाला मराठीत समजावून सांगायचं. जिथे तो अडखळेल तिथे त्याला ते समजलेलं नाही, हे ओळखायला इंग्रजी लागत नाही. आणि न्यूमरेटर म्हणजे अंश, डिनॉमिनेटर म्हणजे छेद, पेरिमीटर म्हणजे परिमिती असं पन्नासेक शब्दांचं एक पान वहीच्या शेवटी त्याच्याकडून तयार करून घ्या. दोघांनाही उपयोगी पडेल.

वर्गात काय अपेक्षित असतं असं विचारलंत. फार नाही. तास जेमतेम ३५-४० मिनिटांचा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असा दंडक आहे; माझ्या वर्गात ५० च्या खाली पट क्वचितच गेला. एवढ्यांत प्रत्येक वहीत रोज डोकावणं मला होत नाही, म्हणून ज्याला अडलंय त्याने हात वर करावा ही माझी सगळ्यात मोठी अपेक्षा. ‘समजलं नाही’ एवढंच नको. कोणत्या ओळीपाशी अडलं ते बोट ठेवून दाखवावं. बोट ठेवणाऱ्या मुलाला मी अर्ध्या मिनिटात सोडवते. फळ्यावर बोलावलं तर यावं, चुकलं तर चुकू द्यावं. आणि गृहपाठ करून न आणलेला मला चालतो, दुसऱ्याचा उतरवलेला चालत नाही. उतरवलेला लगेच कळतो, ताई. एकाच चुकीच्या सात प्रती येतात.

गैरहजेरीचं मात्र मनावर घ्या. विदर्भात उन्हामुळे शाळाच जूनच्या शेवटाकडे भरतात. जरा लय लागते तोवर पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत, मग गणपती, मग दसरा-दिवाळी. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाने रस्ते अडतात, व्हॅन उशिरा येते, पुढे स्नेहसंमेलनाच्या तालमी. कायद्याने या वर्गांना २२० दिवस शाळा भरायला हवी, पण गणिताचे सलग, निवांत तास ऑगस्ट-सप्टेंबरात सणांच्या मधल्या दिवसांत आणि जानेवारी-फेब्रुवारीत मिळतात. या काळात दोन दिवस बुडाले तर मित्राची वही फोटो काढून उतरवून काढण्यात अर्थ नाही. त्या दोन दिवसांतलं एकेक सोडवलेलं उदाहरण घ्यावं, उत्तर झाकून स्वतः करावं, मग उघडून ताडून बघावं.

गुणांचं गणितही सांगून ठेवते. आपल्याकडे चालत आलेल्या पद्धतीत सहावीला आकारिक (वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) मूल्यमापन ५०-५० टक्के, सातवी-आठवीला ४०-६०. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, वर्गकार्य, चाचणी असं सगळं येतं, म्हणजे वर्षभराची वही तिथे गुण कमावते. आणि आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं. नाही झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही तर त्याच वर्गात. पूर्वीसारखं आपोआप पुढे ढकललं जात नाही. मुलगा अनुदानित शाळेत असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा जरूर द्यायला लावा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि तिच्या तयारीने बुद्धिमत्तेच्या प्रश्नांची सवयही होते.

घरी रोज किती वेळ? २५ मिनिटं, पण रोज. रविवारी तीन तास बसवून काही होत नाही, दोघांचं भांडण तेवढं होतं. मी चार उदाहरणं सांगते: दोन आजच्या सरावसंचातली, एक मागच्या आठवड्यातलं, एक दोन महिन्यांपूर्वीचं. ते शेवटचं सोडू नका. एकाच सरावसंचाची वीस उदाहरणं ओळीने करताना मूल चौथ्यानंतर विचार करत नाही, फक्त आकडे बदलतं. परीक्षेत मात्र कोणती रीत लावायची हे आधी ओळखावं लागतं, आणि ते मिसळलेल्या उदाहरणांतूनच येतं. पाढे वीसपर्यंत पक्के असले तरी माझं भागतं. त्यापुढे २५ चा पाढा आणि ३० पर्यंतचे वर्ग पाठ असले तर ते तिसापर्यंतच्या पाढ्यांपेक्षा जास्त कामाला येतात.

वजाबाकीत हातचा चुकत असेल तर सराव देण्याऐवजी एक खेळ द्या. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. समजा एमएच ३१ च्या एखाद्या गाडीचा नंबर ३५२४ आहे. ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि ६१७४ चं पुन्हा ६१७४ च येत राहतं. कोणतीही गाडी घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन थांबते. तेवढ्यात आलं नाही तर वजाबाकी चुकली असं समजायचं, कोणाला तपासायला नको. हे शोधून काढलं नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी, द. रा. कापरेकरांनी, १९४९ साली त्यांनी ते मांडलं. एका शाळामास्तरांचा आकडा जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो हे मी वर्गात जरा छाती फुगवूनच सांगते.

कंपासपेटी महागडी नको, पण कंपासचा स्क्रू घट्ट आहे ना ते दुकानातच फिरवून बघा. सैल असला की वर्तुळ जिथून निघालं तिथे परत येत नाही. कोनमापकावर दोन मोजपट्ट्या असतात, आतली आणि बाहेरची. ६० च्या जागी १२० वाचणाऱ्याला सांगा, आधी डोळ्याने ठरव कोन काटकोनापेक्षा लहान आहे की मोठा, मग आकडा वाच.

उरला फाउंडेशनचा प्रश्न. नागपुरात सहावीपासूनच इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची भाषा सुरू होते, चौकाचौकांत फलक असतात, त्याच्या बाबांना वाटणं स्वाभाविक आहे. पण ज्याला २/३ + १/४ मध्ये अडचण आहे त्याला तिथे आठवीचं समीकरण सहावीत दाखवून काही साधत नाही. तो रीत पाठ करेल आणि दोन वर्षांनी आमच्याकडे ती चुकीच्या जागी वापरेल. शिकवणी लावायचीच असेल, म्हणजे भागाकार-पाढ्यांपासूनच कच्चं असेल किंवा घरी बसायला खरंच कोणी नसेल, तर जवळपासची आठ-दहा मुलांची बघा. तिथे जाऊन एकच गोष्ट तपासा: मुलांच्या वह्यांत रेघ मारलेल्या चुका दिसतात का. सगळ्या वह्या सारख्या आणि स्वच्छ असतील तर फळ्यावरचं उतरवणं चालू आहे, त्याला पैसे कशाला द्यायचे? फोटो काढला की उत्तर देणाऱ्या मोबाइल ॲपचंही तेच, फक्त ते फुकटात.

तुमच्या मुलाला सध्या शिकवणीची गरज दिसत नाही. तीन चुका, तिन्हीची कारणं वेगळी, तिन्ही महिन्याभरात सुटणाऱ्या. दिवाळीनंतरच्या चाचणीपर्यंत थांबा. तेव्हाही याच चुका दिसल्या तर मला परत विचारा.

आणि ती नऊ गुणांची उत्तरपत्रिका पालकाच्या सहीसाठी घरी आलेली असेल. सही करण्याआधी त्याला शेजारी बसवून ती तीन उदाहरणं एका कोऱ्या कागदावर पेनने परत करू द्या, प्रत्येकाखाली एका ओळीत ‘आधी काय चुकलं’ ते त्याच्या शब्दांत, आणि तो कागद पेपरला टाचून पाठवा. शिक्षक कामाच्या ढिगाऱ्यात असतात, बघतील न बघतील. माझ्याकडे पन्नासातून एखादाच असा पेपर येतो, आणि मी सगळ्यात आधी तोच उघडते.